जुना मिरजेचा तंबोरा घेताना: साधा की डिलक्स?

गाणं शिकायला लागून दोन-तीन वर्षं झाली की क्लासच्या बाई एक दिवस म्हणतातच, "आता मोबाइलवरचा तंबोरा पुरे, खरा घ्या." सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे आणि सतारी घडवणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. नवा तंबोरा तिथं ऑर्डर देऊन करून घेता येतो. तरी बरेच जण जुन्याकडे वळतात. कुणाच्या आजोबांचा माळ्यावर पडलेला असतो, कुणा संगीत विद्यालयानं काढून टाकलेला, तर कुणी दुरुस्तीला टाकून परत न नेलेला. लाकूड मुरलेलं असतं, पैसे कमी लागतात, आणि नशीब असेल तर आवाज नव्यापेक्षा सरस निघतो.

घोटाळा होतो तो दोन तंबोरे शेजारी उभे केल्यावर. एक अगदी साधा, दुसरा नक्षीनं भरलेला. विकणारा म्हणतो, "हा प्लेन, हा डिलक्स," आणि डिलक्सची किंमत बरीच वर चढलेली असते. मी यातून गेलो आहे. आता ओळखीचं कुणी तंबोरा बघायला निघालं की मलाही सोबत नेतात. तेव्हा दर वेळी जे सांगावं लागतं ते इथं एकदाच लिहून ठेवतो.

१. आधी तुमचा स्वर, मग तंबोरा

साधा की डिलक्स हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, तुम्ही कुठल्या पट्टीत गाता? पुरुषी तंबोरा साधारण पाच फुटांचा, भोपळा मोठा, काळी एक ते पांढरी दोनच्या (ही पेटीच्या पट्ट्यांवरून पडलेली स्वरांची नावं) आसपास खुलतो. बायकांचा तंबोरा त्याहून आखूड, काळी चार-पाचला बोलतो. वाद्यांच्या साथीला ठेवतात ती तंबोरी आणखी लहान.

पुरुषी तंबोरा काळी चारपर्यंत ओढायला गेलात तर तारा तुटतात आणि तबलीवर, म्हणजे भोपळ्याचं तोंड झाकणाऱ्या लाकडी फळीवर, नको तेवढा ताण येतो. बायकांचा तंबोरा काळी एकला उतरवला की तारा सैल पडून नुसत्या फडफडतात. तारांचे नंबर, म्हणजे जाडी, बदलून थोडंफार सांभाळता येतं, पण दांडीची लांबी काही बदलत नाही. डिलक्स तंबोरा दिसायला कितीही देखणा असो, तुमच्या पट्टीचा नसेल तर तिथंच सोडा. देखणेपणावर भाळून चुकीच्या मापाचा तंबोरा घरी आणणारे कमी नाहीत.

मुलीसाठी घेत असाल आणि ती दहा-बारा वर्षांची असेल, तर तिच्या बाईंना विचारल्याशिवाय माप ठरवू नका.

२. ‘डिलक्स’ म्हणजे नक्की काय?

या शब्दाला ठरलेलं माप नाही, हे आधी डोक्यात ठेवा. ‘प्लेन’, ‘डिलक्स’, ‘स्पेशल’, ‘फुल डेकोरेशन’ हे सगळे दुकानातले बोलीतले शब्द. एकाचा डिलक्स तो दुसऱ्याचा स्पेशल. म्हणून शब्द सोडा आणि वाद्याकडे बघा.

साध्या तंबोऱ्यात तबलीच्या कडेनं एखादी रेघ, सरळ कातलेल्या खुंट्या, तार बारीक जुळवायचे साधे मणी आणि पॉलिश, एवढंच. डिलक्समध्ये तबलीभोवती दोन-तीन पदरी पट्टी जडवलेली, गळ्यापाशी लाकडात कोरलेली पानं, खुंट्यांच्या डोक्यावर कमळ किंवा कंगोरे, मणी हंसाच्या आकाराचे. फुल डेकोरेशनमध्ये हेच काम दांडीभर पसरतं आणि भोपळ्याच्या पाठीवरही उतरतं.

आता दोन्हींत सारखं काय ते बघा. भोपळा तोच, पंढरपूरकडून येणारा. तबली आणि दांडी तुनीच्या लाकडाची. घोडी (तबलीवर तारा पेलणारा पूल), अटी (खुंट्यांकडची तारा टेकायची पट्टी), लंगोट (भोपळ्याच्या बुडाशी तारा अडकवायची जागा), चार तारा, सगळं तेच. आवाज ठरतो तो भोपळ्याचा आकार, तबलीची जाडी आणि घोडीवरची जवारी, म्हणजे तार घोडीला चाटून आवाज खुलावा अशी केलेली जुळणी, यांवर. कडेच्या पांढऱ्या पट्टीचा त्यात काडीचा वाटा नाही.

तरी डिलक्सच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायला हवी. ज्या वाद्यावर महिनाभर कोरीवकाम करायचं, त्याला चांगला कारागीर भोपळा आणि लाकूडही निवडूनच घेतो. म्हणून गवयासाठी मुद्दाम करून घेतलेला जुना डिलक्स अनेकदा आतूनही उत्तम असतो. उलट बाजूही आहे. सत्कारात द्यायला, दिवाणखान्यात उभा करायला म्हणून केलेले डिलक्सही बाजारात फिरतात. त्यांची घोडी कधी नीट लावलेलीच नसते, कारण ते वाजवायला कुणी घेतलेलेच नव्हते. दिसायला दोन्ही सारखे, त्यामुळे पारख कानानं करावी लागते.

मिरजेतल्या या कामाचं मूळही इथं सांगण्यासारखं आहे. शिकलगार मंडळी मूळची हत्यारं घडवणारी, धार लावणारी. संस्थानी काळात शस्त्रांचं काम आटलं तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यं करायला घेतली आणि मिरजेचे संस्थानिक पटवर्धन यांच्या आश्रयानं ती कला गावात रुजली. सतारमेकर हे नाव पुढं त्यातूनच चिकटलं.

३. जाताना काय घेऊन जायचं, कधी जायचं

- मोबाइलमध्ये ट्यूनर आणि तंबोऱ्याचं ॲप, दोन्ही
- चांगली टॉर्च (मोबाइलची चालेल)
- एक फूटपट्टी आणि शिंप्याचा टेप
- जवारीसाठी पांढरा सुती दोरा
- तुमच्या पट्टीचा तारांचा नवा सेट
- खडूचा तुकडा
- शक्य असेल तर कान तयार असलेलं माणूस

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. क्लासमधली सीनियर मुलगी आली तरी पुरे.

पावसाळ्यात जाऊ नका. दमट हवेत लाकूड फुगतं, ढिल्या खुंट्या घट्ट वाटतात आणि बारीक चिरा मिटलेल्या दिसतात. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत हवा कोरडी असते, वाद्याचे सगळे दोष तेव्हा उघडे पडतात. आणि मिरजेत नवरात्रात अंबाबाईच्या देवळातला संगीत महोत्सव, किंवा दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारं गाणं, हे दिवस ऐकायला जायचे. खरेदीला दुसरा दिवस काढा. त्या गर्दीत कारागिराला तुमच्यासाठी निवांत बसायला सवड नसते.

४. अंग तपासा

तारा छेडायच्या आधी वाद्य आडवं ठेवून दिवसाच्या उजेडात नीट बघा. विकणारा घाई करेल, करू द्या.

भोपळा: बोटाच्या पेरानं सगळीकडे हलकं टकटक करत फिरा. आवाज सगळीकडे एकसारखा, खणखणीत हवा. कुठं अचानक भद्द आला तर तिथं चीर किंवा आतून लावलेलं ठिगळ आहे असं समजा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्यांतून झडणारा ताजा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे. असा तंबोरा घरातल्या दुसऱ्या लाकडी सामानाजवळही आणू नका.

गळा: भोपळा आणि दांडी जिथं जोडलेली असते ती जागा. जुन्या तंबोऱ्याचं सगळं दुखणं बहुधा इथंच असतं. सांध्याच्या रेघेवर टॉर्च तिरपी धरा. केसाएवढी फट असेल तर उजेडात काळी रेघ उमटते. खरी परीक्षा मात्र तारा चढवल्यावर होते, तेव्हा दांडी हलक्या हातानं पुढं, तारांच्या बाजूला, रेटा. सूर उतरून परत जागेवर आला तर ठीक. उतरला आणि तिथंच राहिला तर गळा ढिला आहे.

दांडी: लंगोटाकडच्या टोकापासून एक डोळा मिटून सुतारासारखं सरळ रेषेत बघा. पुढं किंचित वाकलेली चालते, पिळलेली चालत नाही. पीळ दुरुस्त होतो असं कुणी सांगितलं तरी मी पैसे लावणार नाही.

तबली: घोडीच्या पुढं-मागं फूटपट्टी आडवी ठेवा. चांगली तबली किंचित फुगीर असते, पट्टीच्या दोन्ही टोकांखाली फट दिसते. पट्टीच्या मध्याखाली फट दिसली तर तबली बसली. वर्षानुवर्षं तारा ताणलेल्या ठेवल्या की असं होतं. बसलेली तबली बदलता येते, पण तो खर्च नव्या वाद्याच्या दिशेनं जाऊ लागतो.

खुंट्या: फिरवून बघा. कोरड्या हवेत थोड्या निसटल्या तर घाबरू नका, खडू लावला की धरतात. छिद्रच झिजून लांबट झालं असेल तर ते कारागिराचं काम.

५. डिलक्स असेल तर नक्षी तपासा

इथं साध्या तंबोऱ्याचा मोठा फायदा आहे. त्यात लपवायला जागा नसते. भोपळ्याला चीर पडली तर ती दिसते, गळा एकदा उघडून चिकटवला तर रेघ दिसते. डिलक्समध्ये गळ्यावर कोरीव पानं असतात आणि भोपळ्याच्या पाठीवर वेलबुट्टी. मूळ नक्षी सममित असते, डावीकडे जेवढी पानं तेवढीच उजवीकडे. एखादं पान एकटंच, भलत्याच जागी, शेजारच्यापेक्षा कमी झिजलेलं दिसलं तर ते झाकण आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना टकटक करा, खाली काय आहे ते कळेल. ताज्या पॉलिशचा वास येत असेल तर आणखी सावध व्हा. विकायच्या आठवड्यात केलेलं पॉलिश वाद्यासाठी नसतं, गिऱ्हाइकासाठी असतं.

दुसरा मुद्दा कायद्याचा, आणि तो हसण्यावारी नेऊ नका. फार जुन्या भारी वाद्यांवर पांढरी पट्टी, मणी, हंस हे हस्तिदंताचे असू शकतात, आणि घोडी सांबरशिंगाची. भारतात हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली विकणारा आणि घेणारा दोघंही अडकतात. "आमच्याकडे दाखला आहे" असं कुणी म्हणालं तरी तो दाखला ठेवण्याचा असतो, विकण्याचा नव्हे. सांबरशिंगाची खरेदी-विक्रीही कायद्यात बसत नाही. घोडी उंटाच्या हाडाची, शिसवी किंवा कृत्रिम साहित्याची असली तर प्रश्न नाही.

मग ओळखायचं कसं? टॉर्च आणि भिंग घ्या. हाडावर बारीक काळपट ठिपके, छिद्रं दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या नाजूक रेघा असतात. सेल्युलॉइड एकसारखं, पिवळट पडलेलं असतं आणि बोटानं जोरात घासलं की कापराचा वास येतो. मिरजेच्या बहुतेक डिलक्स वाद्यांवर तुम्हाला हेच सेल्युलॉइड सापडेल, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त तापवलेली सुई टोचून बघण्याचा जुना उपाय कुणी सुचवला तर हात जोडा. सेल्युलॉइड भुरकन पेट घेतं. याच कारणानं असा तंबोरा देवघरातल्या समईजवळ, उदबत्तीजवळ उभा करू नये.

सेल्युलॉइड जुनं झालं की आकसतं, पट्टी टोकाला उचलली जाते. ते चिकटवून घेणं फार अवघड नाही. तेवढ्यावरून तंबोरा नाकारू नका, पण किंमत बोलताना बोट ठेवायला विसरू नका.

दांडीवरच्या नावाच्या पट्टीचंही तसंच. जुन्या नामवंत घराचं नाव असलं की भाव चढतो. पट्टी दोन खिळ्यांवर बसलेली असते आणि ती एका वाद्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. खिळ्यांशेजारी जुनी भरलेली भोकं आहेत का ते बघा.

६. तारा चढवा, जवारी ऐका

इथं घाई केलीत तर वरचं सगळं वाया. जुन्या गंजलेल्या तारांवर निर्णय घेऊ नका, सोबत नेलेल्या नव्या चढवून मागा. जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन तारा पोलादी, खर्जाची पितळी. पंचमाची तार बायकांच्या तंबोऱ्यात पोलादी असते, पुरुषी तंबोऱ्यात काही जण तिथंही पितळी घालतात.

आधी जोड तुमच्या षड्जाला लावा, मग खर्ज, मग पंचम. मण्यांना हात नंतर. आता प्रत्येक तारेखाली, घोडीच्या पाठीवर सुती दोरा सरकवा. दोरा नसताना तार ठोकळ वाजते. तो बोटाच्या टोकानं अगदी सावकाश मागं-पुढं करत राहा आणि दुसऱ्या हातानं तार छेडत राहा. एका जागी आवाज एकदम उघडतो, तार लांबते, तिच्यातून वरचे सूर एकामागून एक सुटायला लागतात. ती जागा तांदळाच्या दाण्याएवढीही रुंद नसते. दोरा जरा पुढं गेला की पुन्हा मिटलं.

हे होतं कशामुळं, तर घोडीची पाठ रुंद आणि किंचित उतरती असते. थरथरणारी तार तिला सतत चाटून जाते, आणि दोऱ्यामुळं ते चाटणं नेमकं जमतं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या या घोडीवर शोधनिबंध लिहिला होता. साधी तार ज्या बिंदूवर छेडली तिथं स्थिर राहणारे वरचे सूर तिच्यात उमटायला नकोत, असा नियम. तंबोऱ्यात ते उमटतात, असं त्यांनी दाखवलं.

ही परीक्षा तुम्ही दुकानातच करू शकता. टेपनं घोडी ते अटी माप घेऊन तार बरोबर मध्यावर छेडा. नियमानं वरच्या सप्तकातला षड्ज त्यात जवळपास ऐकू येऊ नये. जवारी चांगली असेल तर तो स्वच्छ ऐकू येतो. आणि खर्ज एकटा छेडून डोळे मिटा. दोन-तीन क्षणांनी त्यातून गंधार वर यायला हवा. साध्या तंबोऱ्यात गंधार बोलला आणि डिलक्समध्ये नाही, तर माझ्या लेखी प्रश्न तिथंच संपला.

दोऱ्याला एकाही जागी आवाज उघडत नसेल तर नखानं घोडीच्या पाठीवर आडवी रेघ ओढा. तारेनं पाडलेले चर नखाला लागतात. ते कानसून जवारी पुन्हा काढता येते आणि मिरजेत हे काम करणारे हात आहेत. फक्त घोडीत तेवढी उंची शिल्लक हवी. अनेकदा कानसून ती आधीच बुटकी झाली असेल तर नवी घोडी धरूनच हिशोब करा.

७. किंमत आणि कागद

आकडे मी देत नाही, ते दर वर्षी बदलतात. पद्धत सांगतो. आधी दोन-तीन दुकानांत तुमच्या मापाच्या नव्या, साध्या तंबोऱ्याचा भाव विचारा. जुन्याची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च मिळून त्याच्या पुढं जात असेल, तर फक्त असामान्य आवाजासाठीच जा. नक्षीसाठी जाऊ नका. डिलक्सच्या नक्षीला थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही, डोळ्यांनाही काही हवं असतंच. पण ते तुमच्या हौसेचे पैसे आहेत हे माहीत असू द्या. पुढं विकायला गेलात तर हौस परत मिळेलच असं नाही.

दुरुस्तीचा अंदाज विकणाऱ्याकडून घेऊ नका, दुसऱ्या कारागिराकडून घ्या. "चाचा, एवढं बघून सांगता का?" म्हटलं तर बहुतेक जण सांगतात. त्यांच्या वेळेचे पैसे मात्र द्या.

पावतीवर एवढं लिहून घ्या: तंबोरा जुना आहे, माप, घोडी कशाची, पट्टी आणि मणी कशाचे, कोणती दुरुस्ती करून दिली. घरगुती विक्री असेल तर साध्या कागदावर सही चालते. ‘मानांकनवाला’ म्हणून कुणी जुना तंबोरा जास्त भावानं देऊ लागला तर लक्ष देऊ नका. मानांकन २०२४ चं आहे, आजोबांच्या तंबोऱ्याची किंमत त्यानं वाढत नाही.

८. घरी नेताना आणि नेल्यावर

एसटीनं नेणार असाल तर गर्दीची गाडी सोडा. तारा तीन-चार सूर उतरवा, पण सगळ्या एकदम सैल करू नका. पुष्कळ तंबोऱ्यांत घोडी तारांच्या ताणावरच उभी असते, ती सुटली की नेमकी जागा हरवते. निघायच्या आधी तिच्या चारी बाजूंना पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवा. भोपळ्याखाली जाड कापडाची चुंबळ, दांडी मांडीवर. कारमध्ये मागच्या सीटवर आडवा ठेवा. डिकीत टाकू नका.

घरी कोपऱ्यात टेकवून उभा ठेवू नका, मांजर, मूल, झाडू यांपैकी कुणीतरी पाडतंच. आडवा, कुशीवर, चुंबळीवर ठेवा आणि वर सुती गवसणी घाला. रोज वाजवत नसाल तर तारा थोड्या उतरवून ठेवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गवसणी काढून हवा लागू द्या, पण उन्हात ठेवू नका. सेल्युलॉइडची पट्टी उन्हानं सगळ्यात आधी उचलते.

दुरुस्ती करून आणलेल्या तंबोऱ्याचं अंग पहिल्या काही आठवड्यांत तारांच्या ताणानं पुन्हा बसतं आणि लावलेली जवारी हलते. तेव्हा मिरजेची आणखी एक फेरी धरून चला. ती दुसरी जवारी ठरलेल्या पैशांतच करून मिळणार का, हे पहिल्याच दिवशी विचारून पावतीच्या मागं लिहून घ्या.